उजवा खांदा

निवृत्तीनंतर माझा अख्खा दिवस सकाळच्या एका तासावर उभा होता. नुंगंबाक्कमहून बस धरायची, तिरुवल्लिकेणीतल्या एका जुन्या हॉलमध्ये जायचं आणि अक्काबरोबर टेबल टेनिस खेळायचं. मी सरकारी नोकरीत नागपूरहून चेन्नईला बदली होऊन आले आणि इथलीच झाले. लग्न केलं नाही. अक्का तंजावरकडच्या मराठी घरातली, निवृत्त शिक्षिका, माझ्याहून बरीच मोठी. तिचं मराठी तमिळच्या सुरात चालायचं आणि मला ती ‘गे’ म्हणायची. ज्येष्ठांच्या स्पर्धांत डबल्सला आमची जोडी ठरलेली असे.

हॉलमध्ये पंखे बंद ठेवतात, नाहीतर चेंडू भरकटतो. उन्हाळ्यातल्या अशाच एका घामट सकाळी मी जोरात फोरहँड मारला आणि खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं. हात खाली लटकला. डॉक्टर म्हणाले, स्नायूला चीर आहे, काही महिने बॅट हातात धरायची नाही.

काही महिने! पावसाळ्यानंतर राज्य स्पर्धा होती, आणि ती झाली की अक्का नवऱ्याबरोबर कायमची कॅनडाला, मुलाकडे जाणार होती. म्हणजे तीच आमची शेवटची स्पर्धा.

घरी एकटीला तो हात घेऊन जगणं काय असतं, ते तेव्हा कळलं. ब्लाउजची बाही चढेना. फळीवरचा कुकर निघेना. वेणी तर घालताच येईना. अक्काला हे समजल्यावर ती सकाळी येऊन माझे केस विंचरू लागली. खुर्चीवर तिच्याकडे पाठ करून बसलं की मला रडू येई. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त होती. ही गेल्यावर माझं कोण?

सांगितले होते त्याहून जास्त व्यायाम मी केले. रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधून ओढत राहायचे. फिजिओथेरपिस्ट बाई ओरडायच्या, “पोदुम् मा, पुरे! बरं व्हायचंय की पुन्हा फाडून घ्यायचंय?” मला बरं व्हायचं होतं, पण लवकर, त्याच स्पर्धेआधी.

थोडं बरं वाटताच हॉलच्या प्रशिक्षकांकडे गेले. ते इंग्रजी-तमिळ मिसळून म्हणाले, “तुम्ही आयुष्यभर खांद्याने मारलंत. आता कमरेने मारा. कोपर अंगाजवळ, मार छोटा. आणि मारल्यावर चेंडूकडे बघत उभ्या राहू नका, लगेच जागेवर या.” इतक्या वर्षांचा हात मोडून नवा करायचा होता. कंबर वळली की पाय अडकत, पाय सुटले की हात आपला जुना वाटोळा फेर घेई. साधे चेंडू जाळीत जात. चार महिन्यांपूर्वी खेळ शिकलेले लोकही मला हरवायला लागले. प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारायचे आणि परत टेबलाशी यायचे.

स्पर्धेच्या आठवड्यात अक्का केस विंचरता विंचरता थांबली. “हात वर कर, गे.”

केला. कानापर्यंत गेला, पुढे नाही.

“मी नाव मागे घेते.”

“नको.” मी वळले. “अक्का, तू चाललीस. मला एवढं एकच हवंय. नाही म्हणू नकोस.”

तिने कंगवा केसांतून काढून हातात धरला. मग म्हणाली, “स्मॅश मारायचा नाही. उंच चेंडू आला तर नुसता ठेवायचा. कबूल?”

मी कबूल म्हटलं.

स्पर्धेत पहिला गेम आम्ही जिंकलो. मी छोटे छोटे मार मारत होते, मारून लगेच बाजूला होत होते आणि अक्काला जागा मिळत होती. इतकं नीट मी तरुणपणीही खेळले नव्हते. दुसऱ्या गेममध्ये समोरच्या बाईंकडून चेंडू उंच आला, अगदी मऊ, हातात ठेवल्यासारखा. मी ठरवलं काहीच नाही. हात मागे गेला आणि पूर्ण फिरला. गुण आमचा झाला. बॅट मात्र हातातून सुटून टेबलाखाली गेली आणि मी खांदा धरून गुडघ्यांवर बसले.

अक्काने पंचांकडे पाहून हात वर केला. सामना सोडला. मी म्हणत राहिले, “डाव्या हाताने खेळते, थांब, डाव्या हाताने.” तिने माझी बॅट उचलली, पिशवीत घातली आणि मला कुशीत घेऊन बाहेर आणलं. एक शब्द रागाचा बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती गेली. विमानतळावर मी गेले नाही, माझ्याने झालं नसतं. दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापून घेतले.

चीर आता मोठी झाली होती. शस्त्रक्रियेची हिंमत झाली नाही. पुन्हा पट्टी, पुन्हा भिंतीवर बोटं वर वर चालवणं. या वेळी मात्र बाई सांगतील तेवढंच. कित्येक आठवडे काहीच हललं नाही. सकाळी सहाला जाग यायची आणि उठायचं कशासाठी हेच कळायचं नाही. अक्का फोनवर विचारायची, “हॉलवर जातेस ना गे?” मी हो म्हणायचे. जात नव्हते.

शेवटी एक दिवस गेले. प्रशिक्षक टेबलाच्या पलीकडे उभे राहिले आणि हळू चेंडू टाकू लागले. आता मी बॅकहँडने अडवते, सर्व्हिस आखूड करते, फोरहँड कमरेने ढकलते. जिंकते क्वचित. डबल्सला कुणी बोलावलं तर नाही म्हणते.

घरची सगळी कामं आता डाव्याच हाताने होतात; परवापासून तो खांदाही दुखतोय. फिजिओथेरपिस्ट बाईंना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन, खेळून आल्यावर.