मामी बसत नसे

आमच्या पणदऱ्याच्या मामीइतकी उभी राहिलेली बाई अख्ख्या बारामती-इंदापुरात सापडायची नाही. एसटीत जागा रिकामी असली तरी ही दांडी धरून उभी. इंदापूरला पुतणीच्या लग्नात सगळ्या बायका खुर्च्यांवर ऐसपैस, आणि ही खांबाला टेकून. “बस की गं,” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “बसल्यावर बाई जड व्हती.” शिंक येतेय असं वाटलं की लगबगीनं दाराची चौकट गाठायची, पायांची अढी घालायची आणि मगच शिंकायची. या शिंकेची नक्कल मी इतकी हुबेहूब करायचे, की हळदीच्या घरी मला खास फर्माईश व्हायची. पन्नाशी आली तरी मला नक्कल तेवढी जमली, बाई कळली नाही.

गेल्या वर्षी ती बारामतीला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा न्हाणीत लुगड्याच्या जाड घड्या वाळत घातलेल्या दिसल्या. मी विचारलं. मामी भिंतीकडे बघत म्हणाली, “अंग भाईर येतं माझं. नातू रांगत व्हता तवापास्नं.” नातू आता कॉलेजात आहे.

मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, गर्भाशय खाली उतरलंय, सैल झालेला आतला आधार शिवायचा आणि त्याला बळकटी म्हणून पातळ जाळी लावायची. “जनावराच्या कातडीपासून केलेली असते, आजी. हळूहळू तुमच्याच अंगात मिसळून जाते.”

“कंच्या जनावराच्या?”

“गाईगुरांच्या. नको असेल तर नुसते टाके घालू. पण तुमचं पुन्हा उतरेल अशी मला भीती वाटते.”

मी हबकले. गोठ्यात गाईच्या पाया पडल्याशिवाय मामी चहा घेत नाही. आता ही तडक एसटी स्टँड गाठणार, आणि ते दुखणं तसंच वागवत मरणार!

“जन्मभर वैरणीचे भारे डोक्यावर आणून घातले त्यास्नी. त्यातच खाली आलं सगळं. आता धरू द्या की त्यास्नी मला,” मामी म्हणाली आणि तिनं सही केली.

ऑपरेशनला आत नेताना तिनं माझा हात धरला. “तुझ्या आईलाबी हेच व्हतं गं. वन्सं माझ्यापाशीच बोलल्या व्हत्या. म्हणाल्या, पोरीला सांगू नगंस, ती हसंल.”

आई जाऊन अकरा वर्षं झाली. मामी बरी होऊन गावी गेली, आणि दर रविवारी फोनवर विचारते, “तुला काय न्हाय न्हवं गं तसलं? असलं तर सांग, बाई.”