तालमीचा उंबरा

आमच्या पेठेत, बोळाच्या तोंडाशीच तालीम आहे. वडील गिरणीतून सुटले की आधी तिथं जात, मग घरी. मी त्यांचा पंचा घेऊन जायची आणि उंबऱ्याबाहेर थांबायची, कारण बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही अशी रीत होती. बैठका मारताना त्यांनी सोडलेला श्वास बाहेर ऐकू यायचा. मग ते तांबडी माती कपाळाला लावून बाहेर येत. त्या मातीला ताकाचा, हळदीचा वास असे. तो आठवला की अजून जीव कासावीस होतो.

गेल्या वर्षी मी न्हाणीत घसरून पडले. हाड वाचलं, पण उठता येईना. शेजारणीनं येऊन उचललं. मुलगा पुण्याहून धावत आला. "आई, आता इथं एकटी नको. पावसाळा संपला की तुला न्यायला येतो." हे घर सोडायचं या विचारानंच मला रडू आलं.

त्याच सुमारास तालमीत सकाळी म्हाताऱ्या माणसांसाठी व्यायाम सुरू झाला. पहिल्या दिवशी आम्ही बायका चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभ्या. शिकवणारी मुलगी आत बोलावून दमली, तरी कुणी हलेना. शेवटी शेजारीण म्हणाली, "अडवणारे समदे वर गेले की. चला." आत मातीच्या जागी फरशी होती. मला उगाचच वाईट वाटलं.

पाणी भरलेल्या बाटल्या उचलायच्या, भिंतीला हात टेकून जोर काढायचे, खुर्चीवर बसायचं-उठायचं. "जन्मभर घागरी उचलल्या, तवा कुनी व्यायाम म्हनलं न्हाय," शेजारीण पदर खोचत कुरकुरायची, पण एकही खाडा करायची नाही. पुढं खुर्ची जाऊन पाट आला, मग नुसती सतरंजी.

मुलगा न्यायला आला, तेव्हा माझी बॅग भरून तयार होती. सकाळी त्याला तालमीत घेऊन गेले. टॉवेल त्याच्याकडे दिला आणि त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. उठताना गुडघा थरथरला. त्यानं घाईनं हात पुढं केला.

"थांब जरा," मी म्हणाले. वडील सोडायचे तसा मोठ्यानं श्वास सोडला आणि उभी राहिले. मग वाकून फरशीला बोटं लावली, कपाळाला टेकवली.

संध्याकाळी स्टेशनला निघताना त्यानं एकच बॅग उचलली, स्वतःची.