वाळवंटातली पडवी: रास लफानच्या वाटेवरचा एक कॅम्प

आधी जे घडलं ते, क्रमाने.

१. कतारमध्ये रास लफानच्या, म्हणजे उत्तरेकडच्या गॅस-कारखान्यांच्या, वाटेवर असलेल्या एका कामगार-कॅम्पात दुपारी आग लागली. सुरुवात तिसऱ्या रांगेतल्या एका केबिनच्या पडवीत झाली.

२. वारा वायव्येकडून होता. आग समोरच्या, चौथ्या रांगेच्या पडव्यांवर गेली.

३. चार केबिन्स जळाल्या. एक जण रात्रपाळी करून आत झोपला होता. तो वाचला. त्याचे तळहात भाजले.

४. कॅम्प नव्याने आखण्यासाठी आमच्या पुण्याच्या ऑफिसने मला पाठवलं.

५. मी दोन आराखडे करून परत आले. त्यांतला एक निवडायचा आहे.

या ब्लॉगवर मी एरवी सुट्टीतले प्रवास लिहिते. हा प्रवास कामाचा होता. तरीही लिहिते आहे, कारण फुटबॉलची स्पर्धा तोंडावर आली आहे आणि कतारला कसं जायचं, कुठे राहायचं, काय खायचं, हे विचारणारे वाचक बरेच आहेत. दुसरं कारण म्हणजे कॅम्पातल्या लोकांना मी सांगून आले आहे की हे मराठीत लिहीन. माझा इंग्रजी अहवाल त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. कॅम्पचं आणि कंपनीचं नाव देत नाही. ज्यांची नावं आली आहेत, त्यांना विचारलं आहे.

माझं काम लेआउटचं. पोर्टाकेबिन म्हणजे ट्रकवर घालून आणायची आणि क्रेनने उतरवायची तयार खोली. अशा खोल्यांची वस्ती मांडायचे नियम असतात. दोन रांगांत अंतर किती, बंबाला वळायला जागा किती, सांडपाणी कुठे जाणार, दिवे कुठे, माणसं जमायची मोकळी जागा कुठे. हे नियम मुळात चाकांवरच्या घरांच्या वसाहतींसाठी लिहिले गेले. आमच्याकडे तेच थोडे फिरवून वापरतात.

मुंबईहून दोहा चार तासांच्या आत येतं. मी अल मन्सूरामध्ये शिल्पाताईकडे उतरले. ती माझी मावसबहीण, एका फायनान्स कंपनीत आहे. जाणाऱ्यांनी राहायला या भागाचा जरूर विचार करावा. इमारती जुन्या आहेत, पण खाली उतरलं की डोसा, थाळी, कढीपत्ता, कुरमुरे सगळं मिळतं आणि मेट्रोचं स्टेशन पायी अंतरावर आहे. मेट्रोची एक फेरी दोन रियालला पडते. गाडीत कुटुंबांसाठी वेगळा डबा असतो. एकट्या बाईलाही तिथे बसता येतं. शुक्रवारी मेट्रो दुपारनंतर सुरू होते, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

शिल्पाताईच्या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी स्टेडियम बघणार का, असं तिने विचारलं. नाही, पोर्टाकेबिन्स बघायला जाणार आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "दॅट्स सो सॅड, मावशी." शिल्पाताई तिच्यावर डोळे वटारत होती, पण तिलाही हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रीन लाइनने मशेरेब, तिथे गाडी बदलून रेड लाइनने लुसेल. तिथून पुढे कंपनीची व्हॅन. व्हॅनमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर कुलकर्णीसर होते. ते नाशिकचे, इथे बरीच वर्षं आहेत. रस्ता सरळ, रुंद आणि इतका नवा की कडेची झाडं अजून काठ्यांना बांधलेली होती. वाटेत डाव्या हाताला पांढऱ्या केबिन्सची मोठी वसाहत मांडली जात होती. स्पर्धेच्या प्रेक्षकांसाठी. मी व्हॅन थांबवायला सांगितली आणि कुंपणाबाहेरूनच बघितलं. रांगा सरळ होत्या, गल्ल्या रुंद होत्या. प्रत्येक केबिनच्या दारासमोर बाहेर दोन खुर्च्या ठेवायला जागा आखलेली होती. कुलकर्णीसर म्हणाले, ही काही रात्रींची वस्ती आहे, आपल्याशी तुलना करू नका. मी तुलना केली नाही. खुर्च्यांच्या जागेचं माप टिपून घेतलं.

कॅम्पच्या फाटकावर थोडा वेळ गेला. पहारेकऱ्याकडे बाईची नोंद करायची सोय नव्हती. आत बायकांसाठी स्वच्छतागृहही नाही. इथे बाई कधी येणारच नाही, असं धरून हा कॅम्प आखलेला आहे. जाणाऱ्या मुलींनी, म्हणजे माझ्यासारख्या कामाला जाणाऱ्यांनी, हे आधी विचारून घ्यावं.

आत कॅम्प बॉस तांबेकाका भेटले. कॅम्प बॉस म्हणजे राहण्याजेवण्याची सगळी व्यवस्था बघणारा माणूस. ते संगमेश्वर तालुक्यातले. तिसरी आणि चौथी रांग बहुतेक त्याच भागातल्या लोकांची आहे. बाकीच्या रांगांत नेपाळी आणि बिहारी जास्त. तांबेकाकांनी माझ्या हातातला मोजायचा टेप बघितला.

"पडवी काढायला आलात ना?"

मी म्हटलं, मोजायला आले आहे.

"मोजल्यावर काढतातच," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

जळालेल्या केबिन्स उचलून नेल्या होत्या. जमिनीवर चार काळे चौकोन होते. पण रांगेच्या टोकाच्या केबिन्स वाचल्या होत्या आणि त्यांच्या पडव्याही. पडवी कशी असते हे मला माहीत होतं, तरी ती तिथे बघायला मी तयार नव्हते. बांधकामाच्या परांचीचे जुने पाइप रोवून, वर प्लायवूड आणि हिरवी जाळी टाकून, प्रत्येक दारापुढे उतरतं छप्पर काढलेलं. खाली चपलांची फळी, बसायला बाकडं, भिंतीला टांगलेला आरसा. एसीचं गळणारं पाणी एका कापलेल्या पिंपात सोडलेलं आणि त्यात अळू लावलेलं. वाळवंटात इतका हिरवागार अळू. मी अळूचा फोटो काढला, तेव्हा तांबेकाका पहिल्यांदा जरा सैल झाले. म्हणाले, फतफतं करून घालतो तुम्हाला, पण आता स्वयंपाकालाच बंदी आलीय.

मी मोजलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन रांगांमधलं अंतर नकाशाप्रमाणे बरोबर होतं. पण अंतर भिंतीपासून मोजत नाहीत. घराला जे काही जोडलेलं आहे, छप्पर असो की गाडीची शेड, त्याच्या शेवटच्या कडेपासून मोजतात. तिसऱ्या रांगेची पडवी पुढे आलेली, समोरून चौथ्या रांगेचीही आलेली. मधे उरलेल्या जागेत मी उभी राहिले आणि दोन्हीकडची जाळी हाताला लागली. नकाशावर गल्ली होती, जागेवर ती नव्हती.

याचं कारण नियम माहीत नसणं एवढंच नाही. गावाला घरापुढे पडवी असते, म्हणून इथेही काढली. पहिली तांबेकाकांनी काढली, मग बाकीच्यांनी. गावाला दोन घरांत पूर्ण परसू असतं, हे कोणी मोजलं नाही. आगही तांबेकाकांच्याच पडवीत लागली. इलेक्ट्रिक शेगडी होती, एक्स्टेन्शन बोर्ड तापला. शेगडी कोणी चालू ठेवली, हे मी विचारलं नाही. माझ्या अहवालात कारण आहे, नाव नाही.

तांबेकाकांना मी एवढंच विचारलं की पडवी कशासाठी. त्यांनी मला एका केबिनच्या आत नेलं. चार पलंग, चार कपाटं, मधे एक माणूस जाईल एवढी वाट.

"बसा," ते म्हणाले.

बसायला पलंगाशिवाय काही नव्हतं. मी उभीच राहिले.

"बघा. आल्यावर बिछान्यावर, जेवायला बिछान्यावर, फोन बिछान्यावर. लॉकडाउनात फाटक बंद होतं तेव्हा सगळा दिवस बिछान्यावर. असं आजारी माणूस राहतं, मॅडम. आम्ही काय आजारी नव्हतो."

जेवणाच्या सुट्टीत भाजलेला मुलगा भेटला. संतोष, परांची बांधणारा. खिडकीत एसी बसवलेला असल्यामुळे केबिनला दाराशिवाय बाहेर पडायला वाट नव्हती आणि आग दारापाशी होती. त्याने एसी लाथांनी बाहेर ढकलला आणि त्या भोकातून निघाला. तापलेल्या चौकटीला धरल्यामुळे तळहात गेले. आता मित्र त्याला घास भरवत होते आणि भरवताना चिडवत होते. नवरदेवाचे लाड चाललेत, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, हजेरीच्या मशीनला याचा अंगठा ओळखू येत नाही, मशीनच्या हिशेबाने हा अजून गावाहून आलेलाच नाही. संतोष हसला. त्याला पाणी पाजताना ग्लास धरणाऱ्याचा हात मात्र अगदी हळू चालत होता.

पडवी हवी की नको, हे मी त्यालाही विचारलं. नको म्हणेल, असा माझा अंदाज होता. तो म्हणाला, हवी, पण मागे दुसरं दार हवं.

दोन्ही आराखड्यांत मागे दार दिलं आहे. एसी खिडकीत राहणार नाही, भिंतीवर वर जाईल. त्यावर वाद झाला नाही. वाद पडवीवर झाला.

कुलकर्णीसरांच्या ऑफिसात मी दोन नकाशे पसरले. पहिल्या आराखड्यात पडव्या नाहीत, सगळ्या रांगा आहेत, सगळी माणसं आहेत. जळालेल्या केबिन्सच्या जागी नव्या येईपर्यंत त्यांतले लोक मेसच्या मागच्या हॉलमध्ये. दुसऱ्या आराखड्यात पडव्या आहेत. पत्र्याच्या आणि लोखंडाच्या, लाकूड नाही, जाळी नाही, शेगडी नाही; शेगड्यांसाठी टोकाला वेगळी शेड. सगळ्या रांगांची तोंडं एकाच बाजूला, वाऱ्याला आडवी, आणि अंतर पडवीच्या कडेपासून मोजलेलं. नियमात तो पूर्ण बसतो. पण प्लॉट तेवढाच आहे, म्हणून एक रांग कमी होते. त्या रांगेतल्या माणसांना दोह्याच्या पलीकडे इंडस्ट्रियल एरियात राहावं लागेल. तिथून कामावर, रास लफानपर्यंत, रोज कंपनीची बस. अंधारात निघायचं, अंधारात परत यायचं.

कुलकर्णीसरांनी दुसऱ्या नकाशातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले की पडवी हा शब्द काढा, कॅनोपी लिहा. नंतर म्हणाले, "मी काय व्हिलन नाही हो. बाजारातली प्रत्येक केबिन स्पर्धेकडे चाललीय. बाजूचा प्लॉट बसच्या पार्किंगला गेलाय. स्पर्धा संपली की प्लॉट आपल्याला, इन्शाल्ला. मग ती रांग परत आणू."

परत आणण्याचं लेखी देता येईल का, असं मी विचारलं. ते नकाशाची घडी घालू लागले. तुम्ही टेक्निकल आहात, तुम्हीच एक निवडा, असं म्हणाले. मी नकार दिला. आग पसरणार नाही याची खात्री मी देऊ शकते. कोणी कुठे झोपायचं, हे माझ्या कामात येत नाही.

त्या संध्याकाळी वाचलेल्या पडवीतल्या बाकड्यावर मी बिनदुधाचा सुलेमानी चहा घेतला आणि दोन्ही आराखडे सगळ्यांना समजावून सांगितले. तांबेकाकांनी कप खाली ठेवला.

"दुसरा घ्या. आमची रांग जाईल. आग माझ्या पडवीत लागली."

"काका, मला विचारलंत?" संतोष म्हणाला.

"तुला काय विचारायचं? हात बघ तुझे."

"हात भाजलेत. तोंड शाबूत आहे."

हशा पिकला, पण तांबेकाका हसले नाहीत. उठून गेले. रांग कुठली जाणार ते आगीवरून ठरत नाही, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. नकाशात मी वारा आणि अंतर बघितलं आहे, चूक कोणाची ते नाही. ते म्हणाले, तुमच्या नकाशात नसेल.

निघायच्या आदल्या दिवशी शिल्पाताईबरोबर कॉर्निशवर गेले. संध्याकाळी समुद्राकाठी चालणं हे दोह्यातलं सगळ्यात चांगलं आणि फुकटचं आहे, ते चुकवू नका. उंच इमारतींवर खेळाडूंचे अवाढव्य चेहरे लावत होते. रस्त्यावरचा करक, म्हणजे वेलदोडा घालून उकळलेला दाट दुधाचा चहा, जरूर घ्या. दिवसा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.

पुण्यात परत आले. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांनी गॅलरी काचा लावून खोलीत घेतली आहे. आमच्याही घरी घेतली आहे. आजवर मला ते जागेचं नियोजन वाटत होतं. आता जाता-येता दिसतं की बाहेर बसायची जागा आम्ही मिळालेली सोडली आणि तिकडे माणसांनी ती परांचीच्या पाइपांतून उभी केली, चुकीच्या मापाने. माप मी दुरुस्त केलं आहे. त्याची किंमत एक रांग आहे, आणि ती मला अजून कमी करता आलेली नाही. तीन वेळा नकाशा फिरवून बघितला.

कुलकर्णीसरांनी एक मान्य केलं आहे. तिथे राहणाऱ्यांची उत्तरं आली तर ती आराखड्यासोबत जातील आणि त्याप्रमाणे ठरेल. आली नाहीत तर पहिला आराखडा आपोआप मंजुरीला जाईल आणि राहिलेल्या पडव्या उतरवतील. बाकीच्या रांगांसाठी हीच माहिती हिंदीत आणि नेपाळीत मेसच्या फळ्यावर लावली आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या रांगेतल्या सगळ्यांना विनंती. पहिला आराखडा की दुसरा, ते कळवा. दुसरा म्हणत असाल, तर तुम्ही स्वतः इंडस्ट्रियल एरियात जायला तयार आहात की नाही, तेही कळवा. लिहून किंवा बोलून, कसंही चालेल. प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल सांगावं. तांबेकाका, तुमचं उत्तर एका माणसाचं धरलं जाईल.

उत्तर मला येत्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत मिळावं.