लाईन हाय का?

परीक्षेच्या दिवशी मला सकाळचा चहा जात नाही. काम तसं बसून करायचं. हिंगोलीतल्या आमच्या छोट्या ऑफिसातून गावोगावच्या संगणक केंद्रांवर प्रश्नपत्रिका पोहोचते, आणि ती वाटेत अडकू नये हे बघणं माझ्याकडे. पोहोचली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अडकली की सगळ्यांना माझा नंबर पाठ असतो.

त्या दिवशी नोकरभरतीचा पेपर होता, गोरेगावला आणि आखाडा बाळापूरला. नऊला सुरू, साडेनवाला बंद. त्यानंतर संगणक कुणालाच आत घेत नाही. गोरेगावची पोरं नऊच्या ठोक्याला पेपर सोडवायला लागली. बाळापूरहून मात्र केंद्रावरच्या ताईंचा फोन आला.

"सर, काहीच उघडून नाही राहिलं. चोवीस जण अंगणात उभे हायेत. एक बाई तर तांड्यावरून आली, तान्हं लेकरू सासूजवळ ठेवून. वयाचं तिचं हे शेवटचं साल हाय म्हणते. काहून उघडत न्हाई?"

आदल्याच संध्याकाळी मी फायरवॉलमध्ये हात घातला होता. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा राखणदार. त्याच्या आत एक आभासी राउटर असतो, आणि कुठल्या गावाची माहिती कुठल्या रस्त्यानं न्यायची याची यादी त्या राउटरकडे. ही यादी दोन पानांवर बघता येते. एका पानावर मी लिहून ठेवलेले रस्ते, दुसऱ्यावर या घडीला खरोखर चालू असलेले. पहिल्या पानावर दोन्ही गावं होती. दुसऱ्यावर गोरेगावपुढे 'चालू'ची खूण होती, आणि बाळापूरची ओळच नव्हती.

पान पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं. दुकान बंद दिसत असूनही कुलूप हलवून बघावं, तसं माझं चाललं होतं.

असं दोन कारणांनी होतं. पलीकडची जोडणी मेली की राउटर तो रस्ता आपणहून यादीतून काढतो. नाहीतर लिहिणाऱ्यानं पत्ता चुकवलेला असतो. म्हणून मी विचारलं, "ताई, तिकडं लाईन आहे का?"

"हाय ना."

"नक्की?"

"बराबर हाय, सर. सकाळपासून एकदा बी गेली न्हाई."

म्हणजे चूक माझीच. कालचे आकडे एकेक करून ताडून पाहिले. जुळत होते, तरी विश्वास बसेना. कालचा बदल मागे घ्यावा, तर गोरेगावचा रस्ताही त्यातच होता. तिथला चालू पेपर मधेच तुटला असता. माउस त्या बटणावर नेला, काढला, परत नेला. शेवटी ताईंना म्हटलं, "तासभर तरी लागेल."

तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तासभर म्हणजे साडेनवाच्या पार पलीकडे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ताईंच्या लगेच आलं. त्यांनी अंगणात जाऊन सांगून टाकलं की आज पेपर होत नाही, पुढची तारीख मिळेल.

आठ मिनिटांनी त्यांचाच पुन्हा फोन, काही झालं का विचारायला. मागून सारखी घरघर ऐकू येत होती. मी वैतागून म्हटलं, "ताई, हा आवाज कसला?"

"पंख्याचा, सर. लाईन हाय म्हणलं ना तुमाला."

मी खुर्चीतून उठलोच. लाईन म्हणजे वीज! आणि मी इथलाच. आमच्या घरी आई आजही म्हणते, लाईन आली की मोटार लाव. पुण्यात चार वर्षं हे काम शिकलो, तिथं इंटरनेटच्या तारेला लाईन म्हणायची सवय लागली, आणि परत येताना घरचाच शब्द विसरून आलो. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

"ताई, भिंतीवर इंटरनेटची पांढरी डबी आहे बघा. तिचा हिरवा दिवा लागलाय का?"

"दिवा न्हाई. तिची पिन तर काढून ठेवलीय. अंगठा घ्यायची मशीन लावायला जागा नव्हती ना."

"लावा! आधी ती लावा!"

मी पान ताजं करत राहिलो. नऊ एकवीसला बाळापूरची ओळ आली, तिच्यापुढे 'चालू'ची खूण. माझ्या आकड्यांत काहीच चुकलं नव्हतं. ताईंनी चहाच्या टपरीवरून लोकांना हाका मारून आणलं. साडेनवाला माझ्या पडद्यावर बाळापूरचे तेवीस जण दिसले. मी पुन्हा मोजले. तेवीसच.

तांड्यावरची बाई ताईंनी सांगितल्याबरोबर जीपमध्ये बसून निघाली होती. लेकराला पाजायचं होतं. ताईंचा फोन गेला तशी ती वाटेतच उतरली आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर परत आली. पोहोचली तेव्हा पावणेदहा झाले होते.

दुपारी मी धीर करून ताईंना विचारलं, "तिला काय सांगितलंत?"

"काय सांगू? लाईन गेली होती म्हणलं."

"मग?"

"काही भांडली न्हाई. लाईन तर रोजच जाते म्हणली, अन् गेली घरी."

तिला खरं काय ते कळवा, एवढं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.