अनुमोदक सगळ्या

"ग्रामसभेत माइकवर कॅन्सर म्हणणार तू? सगळ्या गावापुढं?" इंद्रजितनं हेल्मेट ओट्यावर आदळलं. "रविवारी रेश्माला बघायला पाव्हणं यायचेत, ते तरी ध्यानात हाय का?"

"हाय की. चादरीबी धुतल्यात," द्वारकाबाई म्हणाल्या.

"चेष्टा नको, आई. घरात रोग हाय म्हणलं की स्थळं मोडत्यात."

"रोग तुझ्या बाला घेऊन गेला. तवापास्नं आपण नुसतं पोटाचा आजार, पोटाचा आजार करत बसलोय. त्याला नाव हाय. स्वादुपिंडाचा कॅन्सर."

रेश्मा बारामतीच्या एमआयडीसीत दूध तपासायच्या कामाला होती. ती डबा भरता भरता म्हणाली, "दादा, बघायला मला येणारेत ना? मग मला चालतंय."

"तू गप!" म्हणत इंद्रजितनं गाडीला किक मारली.

द्वारकाबाईंचं माहेर जळोची, सासर इंदापूर तालुक्यातलं हे उसाचं गाव. उभ्या जन्मात त्यांनी लागणी केल्या, खुरपणी केल्या, बचत गट चालवला; पण ग्रामसभा कधी पाहिली नव्हती. सभेचं रजिस्टर शिपाई घरी घेऊन यायचा, बाया चुलीपाशी बसून सही करायच्या, की झाली सभा.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याचे, दत्तोबांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. काविळीला गावात एकच उपाय ठरलेला, शेजारच्या वाडीतली मंतरलेली माळ. गळ्यातली माळ दिवसागणिक लांबत जाते. ती पोटावर आली की कावीळ उतरली म्हणायची. दत्तोबांची माळ बेंबीला टेकली. घरच्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले. डोळे मात्र हळदीसारखेच राहिले. पुण्याला नेलं तेव्हा गाठ यकृतापर्यंत पसरली होती.

"आधी आलो असतो तर?" द्वारकाबाईंनी विचारलं होतं.

"थोडा उपयोग झाला असता," डॉक्टर म्हणाले, "पण खरं सांगू का मावशी, हा कॅन्सर वेळेत पकडायची सोपी तपासणी अजून कुणाकडंच नाही. त्याला संशोधन पाहिजे. संशोधनाला पैसा पाहिजे."

पुढच्या दोन महिन्यांत दत्तोबा गेले. द्वारकाबाईंचं बाकी सगळं रडून झालं. हे वाक्य तेवढं आत राहिलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात सभा भरली. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब विषय वाचायचे आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर!" यायचं. गटार मंजूर, दिवे मंजूर. ऐनवेळचा विषय म्हणताच माणसं ढुंगणाची धूळ झटकत उठू लागली. तेवढ्यात पहिल्यांदाच सभेला आलेल्या बचत गटाच्या बायांमधून द्वारकाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी माइक धरला.

"ठराव मांडतीय. सरकारनं स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या संशोधनाला—"

"मंजूर, मंजूर!"

"थांबा! म्हस्कूतात्या, काय मंजूर केलंत? सांगा बरं."

पुढच्या रांगेतल्या म्हस्कूतात्यांनी शेजाऱ्याकडं पाहिलं. "ते... गटाराचंच की."

बाया खो खो हसल्या. "बसा खाली," द्वारकाबाई म्हणाल्या. "न ऐकता दिलेलं मंजूर मला नको."

सरपंच विजयसिंहच आधी बसले, मग सगळ्यांना बसावंच लागलं. द्वारकाबाईंनी सगळं सांगितलं. पिवळे डोळे, माळ, पेढे. "माळ लांबतीच. दोरा हाय, सैल पडतो. आमी मातर आनंदात हुतो." बऱ्याच माना खाली गेल्या. ती माळ पुष्कळ घरांत येऊन गेली होती.

"खरं हाय वैनी," म्हस्कूतात्या म्हणाले, "पर आपल्या ठरावानं दिल्ली हलती व्हय?"

"उसावर लोकरी मावा आलता तवा तात्या, मोर्चात सगळ्यांच्या म्होरं कोण हुतं? तुमीच. ठराव झालं, अर्ज गेलं. सरकारचं शास्त्रज्ञ बांधावर आलं, माव्याला खाणारी कीड आणून सोडली. ऊस वाचला. उसाच्या पानासाठी वराडलो, मग माणसाच्या पोटासाठी का तोंडाला कुलूप?"

मागून बचत गटातल्या धोंडाबाईचा आवाज आला, "माझ्या भावाचंबी असंच झालं. आमी करणी समजलो. देवरुशी धुंडाळत फिरलो."

"हात वर करा," विजयसिंह म्हणाले. रानात उसाची पाती उभी राहावीत तसे हात उभे राहिले. फाटकापाशी हेल्मेट काखेत धरून इंद्रजित उभा होता. त्यानं आधी कान खाजवला, मग तोच हात वर नेला आणि खाली घेतला नाही.

भाऊसाहेबांनी पेनचं टोपण काढलं. "सूचक?"

"द्वारकाबाई दत्तोबा."

"अनुमोदक?"

अख्खी बायांची रांग उठून उभी राहिली.

"अहो, एकच लागतो!"

"मग सगळ्यांची नावं घ्या," धोंडाबाई म्हणाली. "रजिस्टर दरवेळी आमच्या घरी येतं. आज आमी आलोय."

भाऊसाहेबांना पान उलटावं लागलं. ठराव मोठ्यानं वाचून झाल्यावर जे "मंजूर!" उठलं, त्यानं शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. द्वारकाबाई घरी आल्या त्या वाटेत दहा ठिकाणी थांबून, दहा घरांचा चहा पिऊन.

संध्याकाळी पाव्हण्यांचा फोन आला. बातमी त्यांच्या गावी आधीच पोचली होती. "व्हय... व्हय, माझीच आई," इंद्रजित घाम पुसत म्हणाला. मग फोनवर हात ठेवून, "इचारत्यात, रोग पिढीजात हाय का."

रेश्मानं फोन ओढून घेतला. "बहुतेकांचा नसतो. आमच्यात दुसऱ्या कुणाला झालेला न्हाय. शंका असंल तर डॉक्टरला इचारा, आन् मग या." आणि फोन भावाच्या हातात दिला.

इंद्रजितनं तो पुन्हा कानाला लावला. मग त्याचा चेहरा सैल झाला. "पोरगी सरळ बोलती म्हणत्यात. येणारेत! पर ह्या रविवारी न्हाय, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. चालंल म्हणू ना?"

"चालायचं न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी कारखान्याची वार्षिक सभा हाय. तुझ्या बाचा शेअर माझ्या नावावर झालाय, मी सभासद हाय. हाच ठराव मी तितं मांडणार. पाव्हण्यांना दुसरा दिवस सांग."