आठवीच्या वर्गाखाली

"बाई, माज्या पोरीचा एल.सी. द्या."

सुरेखाची आई स्टाफरूमच्या दारात उभी होती. मासळीची रिकामी पाटी तिने बाहेर पायरीवर ठेवली होती. एल.सी. म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला. आमच्या भागात मुलीचा एल.सी. एकदा गेला की ती मुलगी पुन्हा कुठल्याही शाळेत दिसत नसे.

"का हो वहिनी? चांगले मार्क पडतायत तिला."

"तुमीच तो निबंद लिवायला सांगितलात ना? आता गावभर झालंय. देवाला कौल लावला. पोरीला त्या जागेवरून काढा, म्हणतात."

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. मी मूळची रत्नागिरीतल्या, समुद्रकाठच्या मांडवीची. पूर्णगडच्या अलीकडे एका गावातल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते. शाळा समुद्राच्या अगदी कड्यावर. त्या वर्षी मैदानाच्या समुद्राकडच्या टोकाला जांभ्याची एक नवी खोली बांधली होती, ती आठवीला दिली. बेंच अजून आले नव्हते. मुलं जमिनीवर बसत, आम्ही शिक्षक खुर्चीवर.

कल्पनाप्रधान निबंध म्हणून एक प्रकार असतो. जे घडलं नाही ते घडलंय असं समजून लिहायचं. मी झाड झालो तर, सूर्य उगवला नाही तर, असले ठरलेले विषय. मला त्यांचा कंटाळा आला होता, म्हणून विषय दिला, 'पायाखाली काय आहे?' मुलांनी पाताळ लिहिलं, सोन्याचे हंडे लिहिले, नाग लिहिले. सुरेखाने जेमतेम अर्धं पान लिहिलं.

'आमच्या वर्गाखाली कोणीतरी झोपलेलं आहे. दुपारी ते श्वास घेतं. तो माझ्या पायांना लागतो. त्याला आमची सगळ्यांची नावं ठाऊक आहेत. सकाळी ते ती हळूच म्हणून बघतं.'

मी दहापैकी नऊ मार्क दिले आणि निबंध वर्गात वाचून दाखवला. मुलं हसतील असं वाटलं होतं. कोणीच हसलं नाही. मागच्या रांगेतला दत्ताराम म्हणाला, "बाई, आमाला पण ऐकू येतं." आणि त्याच्या शेजारच्या सगळ्यांनी पाय पोटाशी घेतले.

सुरेखाच्या आईकडून मी दोन दिवस मागून घेतले.

त्याच दुपारी पी.टी.च्या तासाला वर्ग रिकामा होता. मी दार लोटून सुरेखाच्या जागेवर, भिंतीलगत जाऊन बसले. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. मैदानावर मुलं ओरडत होती. थोडा वेळ काहीच नाही. मग घोट्याला गार लागलं. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथल्या फटीतून ओलसर वारा येत होता. पाठोपाठ आवाज आला. लांब, जड, कोणीतरी झोपेत सोडावा तसा उसासा. मग तो थांबला. आणि तोच वारा उलटा, आत ओढला जाऊ लागला. जमिनीवर सांडलेली खडूची भुकटी फटीकडे सरकताना मी डोळ्यांनी पाहिली.

मी भित्री नाही. तरी बाहेर आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा जाऊन बसले. शांत. उठणार एवढ्यात सुरू झालं. कालच्यापेक्षा उशिरा. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. पाणी खडकांवर चढत होतं. लाट आत आली की उसासा, मागे गेली की ओढ. रोज थोडी उशिरा येणारी वस्तू कोणती, हे मांडवीत वाढलेल्या मुलीला कोणी सांगावं लागत नाही.

संध्याकाळी मी सुरेखाच्या घरी गेले. "वहिनी, उद्या सकाळी ओहोटी आहे. माझ्याबरोबर कड्याखाली चला. मग एल.सी.चं बोलू."

"त्या बाजूस कोण जात नाय, बाई. जागेवाला हाय तिकडं, त्या जागेचा राखणदार."

"म्हणून तर तुम्हाला नेतेय. मी एकटी नाही जाणार."

तिने उठून पदर खोचला. मग म्हणाली, "चपला नका घालू. शेवाळ असतं."

सकाळी पहिल्या तासाला माझा आठवीचा वर्ग हेडसरांनी घेतला. आम्ही दोघी खडकांवरून खाली उतरलो. कड्याच्या पोटात होडी आत जाईल एवढं भोक होतं. आत अंधार, टपटप पाणी, आणि वरून गळून पडलेल्या पांढऱ्या मातीचे ढीग. आम्ही चार पावलं आत गेलो.

"दत्ताराम."

डोक्यावरच्या दगडातून आवाज आला. मग दुसरा, बारीक. "हजर."

सुरेखाच्या आईने माझं मनगट धरलं. दगड एकेक नाव घेत होता आणि दगडातूनच मुलं हजर म्हणत होती. प्रत्येक नाव त्या पोकळीत फिरून पुन्हा वर जात होतं. हेडसर हजेरी घेतायत, हे मला कळत होतं. कळूनही अंगावरचा काटा जाईना.

"सुरेखा."

"हजर, सर."

इतक्या जवळून, की हात वर केला तर तिच्या पायाला लागेल. आईला राहवलं नाही. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "सुरेऽऽ!"

वर क्षणभर सगळं थांबलं. मग एकदम किंकाळ्या आणि धावणारे पाय. आमच्या डोक्यावर मातीचा सडा पडला. आम्हीही पळत सुटलो.

वर आलो तेव्हा आठवीचा सगळा वर्ग मैदानात होता. हेडसर झेंड्याच्या खांबाला धरून उभे होते.

"बाई, खालून... खालून हाक आली."

"खाली आम्ही होतो, सर. आमचा आवाज वर येतो, तर मध्ये दगड उरलाय किती?"

त्यांनी घाम पुसला. "पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे. नवीन वर्ग बंद ठेवलाय म्हणून सांगू?"

"वर्ग समुद्रात गेला म्हणून सांगण्यापेक्षा बरं."

सुरेखाची आई मध्येच म्हणाली, "एल.सी. नको मला. पण माजी पोर त्या खोलीत बसायची नाय. कोणाचीच नको."

रत्नागिरीहून ओव्हरसियर आले. त्यांनी भिंतीजवळ पहार मारायला लावली. काही घाव बसले, आणि पहार गड्याच्या हातातून सुटून खाली गेली. ती पाण्यात पडल्याचा आवाज जरा वेळाने आला. वर टणक जांभा, त्याच्या खाली शेडी, म्हणजे मऊ पांढरी माती, असं त्यांनी समजावलं. समुद्र ती माती आतून धुऊन नेतो आणि वरून काही दिसत नाही. खोलीला कुलूप लागलं. आठवी देवळाच्या सभामंडपात बसू लागली. पुढच्या श्रावणात मागची भिंत आणि निम्मी जमीन खाली गेली. तेव्हा आत फक्त एक जुना फळा होता. गावाने त्या जागी नारळ दिला. मीही गेले होते.

सुरेखा आमच्याच शाळेतून एस.एस.सी. झाली. तिला मी एकदा विचारलं, "आता भीती गेली ना?"

"मला भीती नव्हतीच, बाई," ती म्हणाली. "ते आमची नावं किती हळू घ्यायचं."



पुढे रिटायर होईपर्यंत कल्पनाप्रधान निबंधाचे मार्क मी आधी पेन्सिलने देत असे. मग मुलाला बोलावून विचारायचं, हे कुठे बघितलंस? बहुतेक जण गाइडचं नाव सांगत. एखादा गप्प राहिला, तर मात्र त्याच्याबरोबर ती जागा बघून यायचे.