उजळ करून द्या

आमच्या ह्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. बाकी सगळं येतं. कप, ताटली, उशीचा अभ्रा, किल्लीचा बिल्ला, जिथे म्हणाल तिथे तुमचा फोटो छापून देतात. गिऱ्हाइकाने सांगावं आणि ह्यांनी मान डोलवावी, असं आमचं दुकान बावीस वर्षं चाललंय. डोलवून डोलवून मान अजून जागेवर आहे, हेच आश्चर्य.

काम तसं सोपं आहे. फोटो आधी खास शाईने कागदावर उलटा छापायचा. कागदावर माणूस इतका मरगळलेला दिसतो की गिऱ्हाईक घाबरतं. एका बाईंनी तर स्वतःचा कागद शेजारणीचा समजून बाजूला ठेवला होता, वर “बिचारी” असंही म्हणाल्या. तो कागद मी कपाभोवती ताणून बसवते, उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवते आणि कप प्रेसमध्ये घालते. तीन मिनिटं कडक उष्णता मिळाली की शाईची थेट वाफ होते आणि कपावरच्या लेपात शिरते. कागद सोलला की खाली माणूस टवटवीत. घासा, धुवा, जात नाही. संसार मोडला तरी कपावरचा नवरा हटत नाही, अशी तक्रार घेऊन एक बाई येऊनही गेल्या.

फक्त पांढरी शाई नसते. दात, शर्ट, डोळ्यांतलं पांढरं, हे सगळं कपाचंच. तिथे काही छापायचं नाही, एवढंच करायचं.

आणि लोकांना नेमकं तेच हवं असतं. “जरा उजळ करून द्या हं.” हे वाक्य न बोलता दुकानातून गेलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. हे संगणकावर जाऊन शाई कमी करतात, माणूस गोरा होतो, खूश होतो. आमच्या रस्त्यावरची माणसं दारात एका रंगाची आणि कपाटात दुसऱ्या.

परवा आमच्या होणाऱ्या विहीणबाई आल्या. आमची लेक दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. रंगाने बापावर गेली आहे, म्हणजे चांगली काळी. विहीणबाईंना लग्नाला येणाऱ्यांसाठी पन्नास कप हवे होते, दोघांच्या फोटोचे. फोटो बघत त्या गोड आवाजात म्हणाल्या, “मुलीला तेवढं उजळ करा. तुम्ही तर सगळ्यांनाच करून देता.”

त्यांचा मुलगा आमच्या लेकीपेक्षा काकणभर जास्तच काळा आहे. पण तो मुलगा. त्याला कशाला हात लावायचा?

ह्यांनी मान डोलवली. स्वतःच्या पोटच्या पोरीसाठीसुद्धा! मी चडफडले, पण लग्नघरात तोंड कशाला उघडा, म्हणून कागद चिकटवत राहिले. पहिला नमुना काढला. “अजून थोडं.” दुसरा काढला. “अजून जरासं.” तिसरा प्रेसमधून निघाला तेव्हा जावई अगदी हुबेहूब होते आणि त्यांच्या शेजारी भुवया, ओठ आणि एक हिरवी साडी उभी होती. “आत्ता कशी छान दिसतेय!” म्हणून विहीणबाई निघून गेल्या.

संध्याकाळी लेक दवाखान्यातून थेट दुकानात आली. तिने तिसरा कप उचलला.

“बाबा, ही कोण?”

हे गडबडले. “अगं, पांढरी शाई नसते ना. उजळ करायचं म्हणजे तेवढं कमी छापायचं.”

“म्हणजे मला छापायचंच नाही.” तिने कप खाली ठेवला. “पन्नास घरांत हे जाणार. उद्या रस्त्यात भेटले तर ओळखणार तरी कोण मला? त्यांना फोन लावा.”

ह्यांनी फोन तीनदा हातात घेतला, तीनदा खाली ठेवला, शेवटी लावला. “कपावर मुलगी आहे तशीच येईल,” म्हणाले. पलीकडून बरंच काही आलं असावं, कारण ह्यांनी फोन कानापासून लांब धरला. शेवटी म्हणाले, “हो, सगळ्यांना करून देतो. हिला नाही.” आणि फोन ठेवून घटाघटा पाणी प्यायले.

मला भरून आलं. मी लेकीला म्हटलं, “बघ, बाबांनी नाही म्हटलं! त्या बाईंना कुणीतरी सांगायलाच हवं होतं. माणसाला असं पुसतात होय?”

ती माझ्याकडे वळली. “आणि मी चौथीत असताना? वाढदिवसाच्या कपावर माझा फोटो होता. मी तो शाळेत नेला आणि मुलींनी विचारलं, ही तुझी गोरी बहीण का? तेव्हा कुठे होत्या या बाई?”

ह्यांनी मान खाली घातली. ह्यांना खोटंही बोलता येत नाही.

“तेव्हा उजळ करायला मीच सांगितलं होतं,” मी म्हटलं.

तिने मूळ फोटो कागदावर काढला, ओढणी खोचली आणि पहिला कप घेतला. मी सवयीने टेप कापून पुढे केली. तिने ती घेतली नाही. बाप प्रेस सांभाळत होता, ती एकेक कागद ताणून बसवत होती, आणि पन्नासातल्या एकाही कपाला तिने मला हात लावू दिला नाही.